वाटाघाटी चालू, बांधकामही चालू

"इस्रायल आणि पॅलेस्टिनी, दोघांनी समजुतीनं घ्यायला काय होतं?" बाळ्या म्हणाला. सोसायटीच्या पार्किंगवरही तो हेच म्हणतो.

"घेतलं होतं की," नंदूनं कटिंग खाली ठेवलं. "१९९३ चा ओस्लो करार. इस्रायलचे पंतप्रधान राबिन, पॅलेस्टिनींचे नेते अराफत, व्हाइट हाउसची हिरवळ. पण अवघड ते सगळं पुढं ढकललं. जेरुसलेम, निर्वासित, सीमा, व्यापलेल्या वेस्ट बँकेतल्या इस्रायली वसाहती. पाच वर्षांत मिटवू म्हणाले. तेवढ्यात ज्यांना करारच नको होता ते कामाला लागले."

"हमास!" सुन्यानं कट्ट्यावर थाप मारली. "बसमध्ये बाँब कोणी फोडले? २०२३ च्या ७ ऑक्टोबरला घरात घुसून माणसं कोणी मारली? असल्यांशी बोलायचंच नाही, साफ करायचं." सुन्याला युद्धातलं सगळं कळतं, सगळं मोबाइलवरून.

"हमासनंच. नाही कोण म्हणतंय? पण १९९४ मध्ये हेब्रॉनला नमाज पढणारी २९ माणसं मारणारा गोल्डस्टीन हमासचा होता का? आणि राबिनना गोळ्या घालणारा यिगाल आमिर? दोघंही कट्टर ज्यू इस्रायली."

सुन्यानं बिडी पेटवली.

मला नंदूचंच पटतं, आणि त्यातही वसाहतींचं. ओस्लोच्या वेळी, पूर्व जेरुसलेम धरलं नाही तरी, वेस्ट बँकेत लाखभर वसाहतवाले होते. आज पाच लाख. तिथला साठ टक्के भाग 'क' क्षेत्रात, म्हणजे पूर्ण इस्रायली ताब्यात. तिथं पॅलेस्टिनी माणसाला स्वतःच्या जमिनीत एक खोली वाढवायची तर परवाना इस्रायली प्रशासनाचा, आणि तो जवळजवळ मिळतच नाही. बांधली की बुलडोझर. रामल्लाहून बेथलेहेमला जायचं तर सरळ वाट जेरुसलेममधून, ती परवान्याशिवाय बंद. मग वादी अल-नारच्या चढउतारानं वळसा, वाटेत चौकी. रोज हे सोसणाऱ्याला वाटाघाटींवर विश्वास ठेव म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं?

"बरं, सही तरी कोण करणार?" वैशाली म्हणाली. "पॅलेस्टिनी अध्यक्ष अब्बास २००५ ला चार वर्षांसाठी निवडून आले, अजून खुर्चीत. गाझा २००७ ला हमासनं घेतलं. आणि पॅलेस्टिनी राष्ट्र नकोच, असा ठराव क्नेसेटनं, म्हणजे इस्रायलच्या संसदेनं, २०२४ मध्ये केला."

"म्हणजे आमच्या चुलत्यासारखं," बाळ्याला एकदम कंठ फुटला. "इकडे कोर्टात तारखा, तिकडे दरवर्षी बांध सरकतोय!"

"आणि तू त्याचे आंबे उतरवलेस ते?" नंदू.

"ते माझ्या हद्दीत लोंबत होते!"

"हद्द कुठं ठरलीय अजून?" वैशाली म्हणाली, आणि सुन्यासकट सगळे फुटले.

"हद्द जाऊ दे," सुन्या डोळे पुसत म्हणाला, "आम्हाला एक तरी पेटी आणलीस का रे? गेल्या मे महिन्यात कबूल केली होतीस!"

मग बाळ्याची उधारी निघाली, ती साडेदहापर्यंत चालली.