फील्ड्सला मोकळं सोडलंय कुणी? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे आणि मुद्द्याला धरून आहे, म्हणून खाली दोन ओळी खरडण्यापेक्षा स्वतंत्र उत्तर लिहितो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या न्यू यॉर्क जेट्सच्या २०२५च्या मोसमावर मी लिहिलं होतं: तीन विजय, चौदा पराभव. तुमचं म्हणणं असं, की मी सगळं खापर मालक वुडी जॉन्सन आणि व्यवस्थापनावर फोडलं आणि क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) जस्टिन फील्ड्सला अलगद सोडून दिलं. वर्षाला दोन कोटी डॉलर्स घेणाऱ्या माणसाला चेंडू फेकता येत नसेल तर मालकाने काय मैदानात उतरायचं? नाचता येईना अंगण वाकडं, असं तुम्ही लिहिलंत. वर सचिनचा दाखला: नव्वदच्या दशकात अर्धा संघ ढेपाळायचा, तरी तो धावा काढतच होता की!

आधी फील्ड्स. तो चांगला क्वार्टरबॅक आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही, आणि म्हणणारही नाही. १२ ऑक्टोबरचा लंडनचा सामना घ्या. इकडे न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ, रविवार, घरात कांदेपोह्यांचा वास, आणि टीव्हीवर डेन्व्हरचा बचाव आमच्या क्वार्टरबॅकला आडवा पाडतोय. सतरापैकी नऊ पास पूर्ण, यार्ड ४५. नऊ वेळा सॅक (म्हणजे चेंडू फेकण्याआधीच आडवा), त्यात ५५ यार्ड गमावले. म्हणजे पासिंगचा हिशेब उणे दहा यार्ड. आक्रमणाने हवेतून काही मिळवण्याऐवजी पदरचं घालवलं. ते सगळे सॅक लाइनच्या (क्वार्टरबॅकपुढे भिंत धरणाऱ्या पाच जणांच्या) माथी मारता येणार नाहीत. फील्ड्सची खोड ठरलेली आहे. रिसिव्हर (पास झेलणारा) मोकळा दिसला की तो फेकतो. मोकळा होणार आहे हे ओळखून आधीच फेकत नाही. या लीगमध्ये त्या अर्ध्या सेकंदात दार बंद होतं. पहिला रिसिव्हर नाही, दुसरा नाही, मग चेंडू पोटाशी धरून पळायचं, आणि तोवर कुणीतरी मागून पायात येतं.

आता तुम्हीच सांगा, ही खोड कुणाला नवी होती? शिकागोत तीन वर्षं सगळ्यांनी पाहिली. पिट्सबर्गने २०२४मध्ये त्याला सहा सामने खेळवलं, त्यातले चार जिंकले, आणि तरीही बाकावर बसवलं. जिंकत असताना माणूस बदलला याचा अर्थ त्यांना पुढचं दिसत होतं. हे सगळं चित्रफितीवर उपलब्ध असताना आमच्या लोकांनी त्याच्यापुढे दोन वर्षांचे चार कोटी ठेवले, त्यातले तीन कोटी हमीचे. आणि गंमत बघा, २०२१च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) हाच फील्ड्स हाताशी असताना याच संघाने दुसऱ्या क्रमांकाची निवड झॅक विल्सनवर खर्च केली होती. तेव्हा नको असलेला माणूस, तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी जे शिकायचं ते न शिकता, सव्वीसाव्या वर्षी विकत घेतला. पुतळा वाईट निघाला तर दगडाला शिव्या घालाव्यात, पण पारखून दगड आणणाऱ्याचंही नाव घ्यावं, एवढाच माझा हट्ट.

आणि मालकांनी काय केलं? संघ शून्य-सात असताना, ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, पत्रकारांसमोर क्वार्टरबॅकच्या रेटिंगवर बोट ठेवलं. असा क्वार्टरबॅक असेल तर कुठल्याही प्रशिक्षकाचं हेच होणार, असा त्यांच्या बोलण्याचा सूर. पगार तुमचा, करार तुमचा, सही तुमच्या माणसांची, आणि जाहीर पाणउतारा मात्र नोकरी करणाऱ्याचा! पुढच्या रविवारी बदली क्वार्टरबॅक टायरॉड टेलर जखमी म्हणून नाइलाजाने फील्ड्सलाच उतरवावं लागलं आणि सिनसिनाटीला ३९-३८ हरवून मोसमातला पहिला विजय मिळाला. सामन्यानंतर त्या पोराने सांगितलं की त्या आठवड्यात तो घरी कपड्यांच्या खोलीत जाऊन रडला होता. (निर्णायक टचडाऊनचा पास फेकला कुणी, तर ब्रीस हॉलने, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकने. जेट्सचं काही म्हणजे काही सरळ होत नाही.)

सचिनच्या दाखल्याकडे येतो, कारण तो आपल्या मंडळींच्या बैठकीत हमखास निघतो. चेन्नई, १९९९, पाकिस्तानविरुद्ध. पाठ धरलेली, तरी १३६ धावा. तो बाद झाला तेव्हा सतरा हव्या होत्या, उरलेले तीन गडी चार धावांत गेले आणि आपण बारा धावांनी हरलो. बरोबर. पण सचिनला खेळायला काय लागत होतं? समोरून येणारा चेंडू आणि हातातली बॅट. पलीकडचा फलंदाज कितीही कच्चा असला तरी सचिनच्या कव्हर ड्राइव्हमध्ये तो आडवा येत नव्हता. क्वार्टरबॅकचं तसं नाही. समोरच्या पाच जणांनी अडीच-तीन सेकंद भिंत धरायची, रिसिव्हरने ठरल्या पावलावर वळायचं, आणि हा सगळा खेळ ज्याने आखला त्या को-ऑर्डिनेटरला पोराला काय जमतं नि काय नाही हे माहीत हवं. यातलं एक जरी निसटलं तर शतक सोडा, चेंडू फेकायलाच मिळत नाही. म्हणून क्वार्टरबॅक घडवावा लागतो, आणि घडवायला तेच हात काही वर्षं तरी टिकावे लागतात.

इथे माझा खरा मुद्दा आहे, आणि तो फील्ड्सपेक्षा खूप जुना आहे. जेट्समध्ये क्वार्टरबॅक निवडणारा, त्याला शिकवणारा आणि तो स्वतः, हे तिघे कधीच एका वेळी टिकत नाहीत.

सॅम डार्नोल्ड बघा. २०१८, तिसऱ्या क्रमांकाची निवड. निवडणारा जनरल मॅनेजर माइक मॅकॅग्नन, प्रशिक्षक टॉड बोल्स. वर्ष संपताच बोल्स गेले, अ‍ॅडम गेस आले. मॅकॅग्ननला त्या उन्हाळ्याआधी खेळाडूंची खरेदी करू दिली, ड्राफ्टही करू दिला, आणि मग मे महिन्यात नारळ दिला. जूनमध्ये जो डग्लस येईपर्यंत मॅनेजरचं काम हंगामी म्हणून पाहिलं कुणी, तर प्रशिक्षक गेस यांनीच! म्हणजे एका वर्षात पोराला आणणारे दोघेही गायब, आणि नव्या मंडळींना त्याच्याबद्दल ना माया ना जबाबदारी. त्याच ऑक्टोबरमध्ये पेट्रियट्सविरुद्ध सोमवारच्या रात्री डार्नोल्ड बाकावर बसून ‘मला भुतं दिसताहेत’ म्हणाला, ते त्याच्या अंगावरच्या माइकने सगळ्या देशाला ऐकवलं. ३३-० हरलो. आपल्याकडे हसले सगळे. मला त्यात हसण्यासारखं फार काही दिसलं नाही, तेव्हाही आणि आताही. हाच डार्नोल्ड २०२४मध्ये मिनेसोटाकडून चौदा सामने जिंकला. त्यातला एक लंडनमध्ये, आमच्याविरुद्ध, आणि त्या पराभवानंतर दोन दिवसांत आमच्या प्रशिक्षकाची, रॉबर्ट साले यांची, उचलबांगडी झाली. यापेक्षा बोचरा विनोद कुणाला सुचला नसता.

मग झॅक विल्सन. तोंडाळ होता, कबूल. नोव्हेंबर २०२२मध्ये पेट्रियट्सकडून १०-३ हरल्यावर, दुसऱ्या सत्रात अख्ख्या आक्रमणाने मिळून दोन यार्ड काढलेले असताना, ‘तुम्ही बचावाला तोंडघशी पाडलंत का?’ या प्रश्नावर ‘नाही’ असं एका शब्दात उत्तर देऊन मोकळा झाला. ड्रेसिंग रूम तिथेच त्याच्या हातून गेली. तो दोष त्याचा, शंभर टक्के. पण २०२१च्या सप्टेंबरमध्ये बावीस वर्षांच्या पोराला पहिल्याच दिवशी मैदानात लोटताना त्याच्या आजूबाजूला कोण होतं? प्रशिक्षक पहिल्यांदाच मुख्य प्रशिक्षक. को-ऑर्डिनेटर पहिल्यांदाच को-ऑर्डिनेटर. क्वार्टरबॅक घडवण्यात आयुष्य गेलेले ग्रेग नॅप हे एक अनुभवी शिक्षक होते, ते जुलैमध्ये सायकल अपघातात गेले. ते दुर्दैव, त्याला कुणाचा इलाज नाही. पण त्यांच्या जागी तसा माणूस आणणं आणि सरावाला एखादा मुरलेला बदली क्वार्टरबॅक ठेवणं, हे तर हातात होतं ना? सराव शिबिर सुरू झालं तेव्हा बदली म्हणून जे दोघे होते त्यांनी मोसमातल्या खऱ्या सामन्यात एकही पास फेकलेला नव्हता. मुरलेल्या जो फ्लॅकोला आणलं ऑक्टोबरमध्ये, विल्सन जखमी झाल्यावर. तोवर पोराचे पहिल्या सामन्यात सहा सॅक झाले होते, आणि दुसऱ्यात, घरच्या मैदानावर, पहिले दोन्ही पास प्रतिस्पर्ध्यांच्या हातात.

आता शेजारच्या बफलोकडे बघा. त्याच २०१८च्या ड्राफ्टमध्ये, डार्नोल्डनंतर चार निवडींनी, जॉश अ‍ॅलन घेतला. पहिल्या वर्षी त्याचे पास पूर्ण होण्याचं प्रमाण ५२.८ टक्के. आपल्याकडे असता तर डिसेंबरपर्यंत टीव्हीवरच्या तज्ज्ञांनी त्याचं श्राद्ध घातलं असतं. दुसऱ्या वर्षी ५८.८, तिसऱ्या वर्षी ६९.२. या काळात जनरल मॅनेजर तोच, मुख्य प्रशिक्षक तोच, आक्रमणाचा को-ऑर्डिनेटर ब्रायन डेबोल चार मोसम तोच. दुसऱ्या वर्षी सेंटर आणि दोन अनुभवी रिसिव्हर आणले, तिसऱ्या वर्षी स्टेफॉन डिग्ज. २०२४चा सर्वोत्तम खेळाडूचा किताब अ‍ॅलनला मिळाला. अ‍ॅलनमध्ये दैवी देणगी आहेच, पण ५२.८ टक्क्यांच्या पोरावर विश्वास ठेवून तीन वर्षं थांबणं हा व्यवस्थापनाचा गुण, आणि तो बाजारात विकत मिळत नाही.

तुम्ही लिहिलंय की मालकांनी पैशाला कधी मागेपुढे पाहिलं नाही, अ‍ॅरन रॉजर्सलासुद्धा (ग्रीन बेचा गाजलेला क्वार्टरबॅक) आणलं. आणलं ना! कसं आणलं तेही आठवा. त्याच्या ओळखीचा को-ऑर्डिनेटर नॅथॅनिएल हॅकेट आधी नेमला, ज्याला डेन्व्हरने एक मोसमही पुरा करू दिला नव्हता. ग्रीन बेमधले त्याचे जुने सवंगडी आणले. चाळिशीला टेकलेल्या माणसाच्या मागे बदली कोण, तर विल्सनच. म्हणे तो वर्षभर बसून शिकेल. ११ सप्टेंबर २०२३, रॉजर्सची चौथीच चाल, डाव्या पायाचा अकिलीज (टाचेमागचा स्नायुबंध) तुटला. त्या रात्री आमच्या झेव्हियर गिप्सनने पंट (प्रतिस्पर्ध्यांनी लाथेने लांब मारलेला चेंडू) परत आणून जादा वेळेत सामना जिंकून दिला म्हणून स्टेडियम नाचलं, पण मोसम तिथेच संपला होता. नोव्हेंबरात डॉल्फिन्सविरुद्ध आमचा तेव्हाचा क्वार्टरबॅक टिम बॉयलने मध्यंतराच्या शेवटच्या क्षणी लांब पास उडवला, तो त्यांनी पकडला आणि ९९ यार्ड पळून टचडाऊन केला. मी त्याक्षणी टीव्ही बंद करून भांडी घासायला घेतली. (गिप्सनचं पुढे काय झालं? २०२५च्या पहिल्या सामन्यात, पिट्सबर्गकडून खेळणाऱ्या रॉजर्सविरुद्ध, त्याच्या हातून किकऑफ सुटला आणि त्याच आठवड्यात त्यालाही घरी पाठवला.)

पैसे ओतणं म्हणजे व्यवस्थापन नव्हे, हे मी वेगळं सांगायला नको. २००० साली साडेत्रेसष्ट कोटी डॉलर्सना संघ घेतल्यापासून जॉन्सन यांनी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, पाहिला तो इतरांचाच. २०१०च्या मोसमानंतर प्लेऑफ (बाद फेरी) नाही. मधली चार वर्षं तर ते लंडनला राजदूत होते आणि संघ धाकट्या भावाकडे होता, तरी फरक पडला नाही, हे मात्र त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

आणि फील्ड्सच सगळ्याचं मूळ असेल, तर एक सांगा. २०२५मध्ये जेट्सच्या बचावाने सतरा सामन्यांत मिळून एकही इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याचा पास मध्येच पकडणं) घेतलं नाही. एकही नाही! लीगच्या इतिहासात हे कुणालाच जमलेलं नव्हतं. त्या वेळी फील्ड्स बाकावर पाणी पीत होता. बचावातल्या सॉस गार्डनरशी जुलैमध्ये बारा कोटी डॉलर्सचा करार केला आणि नोव्हेंबरात त्याला इंडियानापोलिसला देऊन टाकलं. त्याच दिवशी बचावातलाच क्विनन विल्यम्स डॅलसला. व्यवहार म्हणून दोन्ही वाईट नाहीत, उलट मोबदला उत्तम आला. २०२६ आणि २०२७च्या ड्राफ्टच्या मिळून पहिल्या फेरीच्या पाच निवडी हातात आल्या. पण चार महिन्यांपूर्वी ज्याच्यावर भविष्य उभं करणार होतात त्यालाच विकता, तेव्हा जुलैत विचार कुणी केला होता आणि नोव्हेंबरात कुणी, हे विचारायचं नाही?

या पाचांतून पुढचा क्वार्टरबॅक येणारच. तो आला की मी त्याचे पास मोजत बसणार नाही. त्याच्या दुसऱ्या वर्षी को-ऑर्डिनेटर तोच आहे का, त्याच्यामागे कुणी मुरलेला गडी आहे का, आणि चार सामने हरल्यावर मालक पत्रकारांपुढे काय बोलतात, तेवढं बघणार आहे. त्याचे पास वाईट पडले तर त्यावरही लिहीनच, फील्ड्सवर लिहिलं तसं.

राहिली तुमची शेवटची ओळ: एवढा त्रास होत असेल तर न्यू यॉर्कच्याच दुसऱ्या संघाचे, जायंट्सचे, चाहते का होत नाही? सोपं आहे, मान्य. स्टेडियम तेच, ईस्ट रदरफर्डचं; ट्रॅफिकही तोच. फक्त २०२५मध्ये त्यांनी चार सामने जिंकले आणि आम्ही तीन. एका सामन्यासाठी कपाटभर हिरव्या जर्सी टाकून निळ्या घ्यायच्या म्हटलं तर घरात काय ऐकावं लागेल, याचा अंदाज तुम्हाला नसावा.