पुढचा मुक्काम पोरांच्या कलानं ठरू दे

पोरांना घेऊन लांबच्या प्रवासाला निघालेल्या घरांनी देश मोजणं सोडून द्यावं, असं मला अगदी मनापासून वाटतं. एका गावातून पुढच्या गावाला कधी हलायचं हे ठरवताना घरातलं सगळ्यात लहान माणूस काय म्हणतंय, ते आधी ऐकावं.

आम्ही सांगलीचे. ह्यांनी नोकरी सोडली, फ्लॅट भाड्यानं दिला आणि दोन्ही पोरं नि सासूबाई असे सगळे मिळून निघालो. सध्या मुक्काम व्हिएतनाममधल्या होई आनला. घरून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: "अजून तिथंच? मग बाकीचं कधी बघणार?" विचारणाऱ्यांची माया कळते मला. पण आम्ही बघायला कमी आणि राहायला जास्त निघालोय.

माझं माहेर विट्याचं. आमच्या खानापूर-आटपाडीकडं बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणं कुणाला नवीन नाही. पाऊस नाही, शेती पिकत नाही, म्हणून सोन्याचांदीच्या गलाईला, म्हणजे ते वितळवून शुद्ध करायच्या धंद्याला, आमची माणसं देशभरच्या सराफकट्ट्यांवर गेली. माझं लहानपण केरळात गेलं. दुकान हललं की आम्ही हललो. वडिलांना त्यासाठी मी कधीच बोल लावणार नाही. भट्टीपुढं, ॲसिडच्या धुरात उभं राहून त्यांनी आम्हाला शिकवलं. पण एकदा एका पहाटे गाव सुटलं आणि शेजारच्या मैत्रिणीला सांगायचंही राहून गेलं, ते आजही सलतं. वडिलांच्या हातात काही नव्हतं. आमच्या हातात आहे. हौसेनं निघालेल्या आईबापांनी तरी पोरांना असं उपटून नेऊ नये.

यासाठी आधी व्हिसाचं गणित नीट मांडावं लागतं. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट 2023 पासून 90 दिवसांपर्यंत मिळतो. मलेशियात आपल्याला सध्या व्हिसा लागत नाही, पण मुदत 30 दिवसांचीच. इंडोनेशियात पोचल्यावर 30 दिवस मिळतात आणि ते एकदा वाढवून घेता येतात. आम्ही मोठ्या मुदतीचा देश आधी घेतला, तो यासाठीच. शिवाय महिन्याच्या बोलीनं घर घेतलं की भाडं रोजच्या हॉटेलपेक्षा कितीतरी कमी पडतं आणि स्वयंपाकघर मिळतं. ज्वारी नाही तर नाही, तांदळाचं पीठ इथं मुबलक आहे. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, भाकरीचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात सोडवला.

पोरांचं रुळणं मात्र पैशानं लवकर होत नाही. धाकटा सुरुवातीला दाराबाहेर पाऊल टाकायला तयार नव्हता. मग हळूहळू कोपऱ्यावरच्या गाडीवरून बान्ह मी, म्हणजे इथलं भरलेलं पाव-सँडविच, आणायला एकटा जायला लागला. त्याचं खरं मन लागलं ते एका वेगळ्याच गोष्टीनं. होई आन थू बॉन नदीच्या काठावर आहे आणि पावसाळ्यात तिथं वरचेवर पूर येतो. जुन्या लाकडी घरांत भिंतीवर पाण्याच्या खुणा करून पुढं साल लिहिलेलं असतं. पाणी चढायला लागलं की माळ्याच्या झडपेतून सामान वर ओढून घेतात. ते बघून पोरगा एकदम बोलायला लागला. 2019 ला कृष्णेनं सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ 57 फूट ओलांडले, तेव्हा तो अगदी तान्हा होता, पण आमच्या घरात ती गोष्ट इतक्यांदा सांगितली गेलीय की त्याला पाठ आहे. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, हे त्यानं घरमालकिणीच्या मुलाला हातवारे करून समजावलं. त्या पोरानं त्याला आपल्या भिंतीवरची खूण दाखवली. त्या दिवसापासून दोघं सोबतच असतात. चार दिवसांत गाव उरकून आम्ही पुढं गेलो असतो, तर इथल्या प्रसिद्ध कंदिलांचे फोटो मिळाले असते, हा दोस्त मिळाला नसता.

'मी सन' हे जुन्या मंदिरांचं ठिकाण इथून जवळ आहे. चंपा या इथल्या जुन्या राज्याच्या राजांनी चौथ्या शतकापासून पुढं तिथं विटांची शिवमंदिरं बांधली. 2020 मध्ये आपल्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांना तिथं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. आईंना तिथं पुन्हा जायचं होतं, आम्ही पुन्हा गेलो. हातात वेळ असला की म्हाताऱ्या माणसाचंही मन राखता येतं.

शाळेबद्दल विचारणाऱ्यांना एवढंच सांगते: शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 4 मध्ये शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायची तरतूद आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या परीक्षाही देता येतात. आम्ही रोज सकाळी गणित आणि मराठी घेतो. मोठीचं मराठी वाचन तर सांगलीत असतानापेक्षा वाढलंय.

आता निघायची वेळ आलीय. मोठी म्हणाली, चतुर्दशीची कंदिलांची रात्र झाल्यावर निघू, म्हणून तिकिटं त्यानंतरची काढली. माझं स्पष्ट मत आहे की निघण्याला निदान आठवडा द्यावा. पोरांना आधी सांगावं. रडू देत, चिडू देत. ज्याच्या त्याच्या घरी जाऊन निरोप घेऊ द्यावा, आणि पुढं बोलायचं कसं हे दोन्हीकडच्या आयांनी बसून ठरवावं. आईंनी घरमालकिणीची ओटी भरली. नारळ-तांदूळ इथलेच होते. त्या बाईंना एक शब्द कळला नाही, पण त्यांनी पदर नसताना शर्टाचा घोळ पुढं केला आणि आईंना मिठी मारली.

पुढचा मुक्काम मलेशियातलं पिनांग. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचं आहे. घर चार आठवड्यांसाठी बघितलंय, कारण मुदत तेवढीच. धाकट्यानं खोली बघितली, त्याला खिडकी आवडली. तिथून पुढं कुठं, ते पोरं पिनांगला रुळल्यावर ठरवू. तोवर "पुढचा देश कुठला?" विचारलंत, तर माझ्याकडं उत्तर नाही.