'कोण वाचतंय ते?' असं विचारणाऱ्यांना

'एक सोलापूरकर' या नावाने लिहिणारे महोदय,

ॲपने लॉगिनच्या वेळी मोजक्याच परवानग्या मागाव्यात आणि त्यांची कारणं मराठीत लिहावीत, असं मी लेखात म्हटलं, त्याला तुम्ही 'पोरखेळ' म्हणालात. तुमचं म्हणणं असं, की लोक न वाचता 'अलाऊ' दाबतात, मग मराठीत कारणं लिहायची कुणासाठी? मुद्दा जरूर मांडा. पण 'पुण्यात जाऊन कुणाला तरी विचारा' हे कशाला? वडील यंत्रमागावर होते. मी स्वतः अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत हिशेबाची सॉफ्टवेअरं बसवत फिरलोय. इथला माणूस स्क्रीनवर काय वाचतो, हे मला पुण्याहून मागवावं लागत नाही.

कोण वाचतंय? चादरीचे एक व्यापारी वाचतात. आमचं ॲप आधी गूगलने लॉगिन करतानाच कॉन्टॅक्ट्सही मागायचं. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे कशाला ओ? ह्यात माझी सगळी गिऱ्हाइकं हायत. विजापूरची पार्टी उद्या शेजारच्याला कळली म्हंजे?" आणि फोन खिशात. त्यांना प्रायव्हसीवर भाषण द्यायची गरज नव्हती. धंदा कुठून फुटतो ते त्यांना बरोबर ठाऊक होतं.

आता लॉगिनला फक्त नाव आणि ईमेल घेतो. फेसबुक पेजवर माल टाकायची परवानगी 'पेजवर टाका' दाबल्यावरच मागतो, आणि फेसबुकचा स्क्रीन उघडण्याआधी आमची ओळ येते: 'तुम्ही पाठवाल तीच पोस्ट जाईल. तुमचा पासवर्ड आम्हाला दिसत नाही.' नको म्हटलं तरी बाकीचं ॲप चालतं. लोक डोळे झाकून 'अलाऊ' दाबतात, कारण बहुतेक ठिकाणी नाही म्हणायची सोयच ठेवलेली नसते. हा देखावा वाटत असेल तर वाटू द्या.

केंब्रिज ॲनालिटिका, म्हणजे फेसबुकवरच्या एका क्विझच्या ॲपमधून ते घेणाऱ्यांची आणि त्यांच्या मित्रांचीही माहिती एका राजकीय सल्लागार कंपनीकडे गेल्याचं प्रकरण, तुम्ही उगाच काढलंत, ते माझ्याच बाजूचं निघालं. फेसबुकने 2018 साली दिलेला आकडा बघा: भारतात ते क्विझचं ॲप घेणारे 335, आणि ज्यांची माहिती गेली असावी असे 5 लाख 62 हजारांवर. या लाखोंपुढे 'अलाऊ'चं बटण आलंच नव्हतं, मग न वाचण्याचा दोष त्यांना कसा देता? मित्रांची माहिती ओढायची ती वाट जुन्या ॲपांसाठी 2015 च्या एप्रिलअखेरीस बंद झाली.

एक मान्य. दिलेली परवानगी काढून कशी घ्यायची, हे लेखात पार तळाला गेलंय, ते वर घेतो. सोबत हेही लिहितो, की सेटिंग्जमध्ये जाऊन ॲप काढलं तरी आधी घेतलेली माहिती ॲपवाल्याकडे राहू शकते. ती पुसायला वेगळं सांगावं लागतं.

2023 च्या डेटा संरक्षण कायद्यावरचे तुमचे चार परिच्छेद वाचले. त्यावर कधीतरी बोलू, तुम्ही नाव लावून लिहिलंत तर.