दलदलीला पंप लावणारं पर्थ आणि आपली मुळा-मुठा

पुण्यात नदीकाठ सुधारणेवरून परत पेटलंय, म्हणजे मुळा-मुठेच्या सुमारे 44 किलोमीटर काठाचं जे काम काढलंय त्यावरून, आणि आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर दोन्ही पार्ट्या मलाच साक्षीला ओढतात. एक जण म्हणतो, फॉरेनला नदीकाठ कसे चकाचक असतात ते सांग यांना. दुसरी म्हणते, तिकडे एका कासवासाठी केवढं करतात ते सांग याला. मी राहतो ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या ईशान्येला, एलनब्रूकमधे, आणि ते कासव आमच्याच बाजूचं, गाडीनं थोडं पुढं गेलं की त्याची दलदल. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

वेस्टर्न स्वॉम्प टर्टल. पंधरा सेंटिमीटरचं, अर्धा किलोच्या आसपास, मळकट तपकिरी, दिसायला काही खास नाही. इथं पाऊस हिवाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर. तेव्हा ही उथळ डबकी भरतात, कासव बाहेर येतं, बेडकाची पिल्लं, किडे, जे मिळेल ते खातं, आणि नोव्हेंबरच्या सुमारास पाणी आटलं की कुठल्यातरी बिळात नाहीतर पालापाचोळ्याखाली घुसून पुढच्या पावसापर्यंत गप पडून राहतं. त्यामुळे झालंय काय, की बिल्डरनं जानेवारीत येऊन बघितलं तर त्याला तो रिकामा प्लॉटच दिसणार, कोरडा खडखडीत, वर चाळीस डिग्री ऊन, आणि खाली कासव झोपलेलं.

याचा पहिला नमुना 1839 मधे व्हिएन्नाच्या म्युझियमला गेला, 1901 मधे तिथं त्याचं बारसं झालं, आणि नंतर थेट 1953 पर्यंत ते कोणाच्या नजरेलाच पडलं नाही. मग एका शाळकरी पोराला सापडलं! 1962 ला एलन ब्रूक आणि ट्विन स्वॉम्प्स ही दोन छोटी रिझर्व्ह झाली. तरी कोल्हे आणि कमी पाऊस यांनी मिळून संख्या खाली आणली, आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अख्ख्या जगात पन्नाससुद्धा उरली नव्हती. तेव्हा गेराल्ड कुचलिंग नावाच्या मूळ ऑस्ट्रियाच्या शास्त्रज्ञानं पर्थ झूबरोबर पैदास सुरू केली, माद्यांची चक्क सोनोग्राफी करून पोटात अंडी आहेत का बघायचे. एका वेळी अंडी तीन ते पाच, पिल्लू निघतं पाचएक ग्रॅमचं, ते शंभर ग्रॅमचं होईपर्यंत झूमधे सांभाळायचं आणि मग सोडायचं, आणि सोडलेली मादी स्वतः अंड्यावर यायला परत दहा-बारा वर्षं. आजपर्यंत हजारावर पिल्लं झाली असतील. नोकरीला लागलेला माणूस रिटायर होईपर्यंत चालणारं काम आहे हे.

इथपर्यंत वाचून ग्रूपवरच्या बाईसाहेब खूष झाल्या असतील. पण याच पर्थनं आपल्या पट्ट्यातल्या सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणथळ जागा बुजवल्यात. मेन रेल्वे स्टेशन आहे तिथं तळं होतं. कासवाच्या शेजारची चिकणमाती विटा-कौलांसाठी उपसली, आणि आमचं एलनब्रूक तरी काय, नव्वदच्या दशकापासून माळ आणि शेतं मोडून उठवलेली वसाहतच आहे, आता मेट्रोसुद्धा आली. म्हणजे हे लोक निसर्गावर प्रेम करतात वगैरे काही नाही, यांनी वेळ घालवली आणि आता निस्तरतायत.

निस्तरणं म्हणजे काय ते बघायचं असेल तर ट्विन स्वॉम्प्सचं कुंपण बघा. कोल्हा आत येऊ नये म्हणून जाळी आणि विजेची तार. आत पाऊस पुरत नाही म्हणून बोअरचं पाणी पंपानं दलदलीत सोडतात. दलदलीला पंप! सत्तरच्या दशकापासून इथला हिवाळी पाऊस घटत चाललाय, त्यामुळे 2016 ला काही पिल्लं तीनशेएक किलोमीटर दक्षिणेला नेऊन सोडून बघितली, जिथं ही जात कधी नव्हतीच, आणि त्यावर इथंही वाद झाले. या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्याकडे लोखंडाच्या खाणींचा पैसा आहे, लोकसंख्या पुणे जिल्ह्याच्या निम्मीसुद्धा नसेल. वरातीमागून घोडं नाचवायला परवडतं यांना.

आता आपलं. मुळा-मुठेशी थेट नातं असलेलं एक कासव आपल्याकडेही आहे, आणि ग्रूपवर एकालाही ते माहीत नव्हतं. लेथचं मऊ पाठीचं कासव, फक्त दख्खन आणि दक्षिणेतल्या नद्यांमधलं. 1872 मधे त्याची शास्त्रात नोंद झाली ती पुण्याच्या नमुन्यावरून. आज ते अतिसंकटग्रस्त यादीत आहे, मांसासाठी मारतात, आणि 2022 मधे त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सगळ्यात कडक बंदी आली. कासव राहतं पाण्यात पण अंडी घालायला त्याला काठावरची माती किंवा वाळूच लागते. काठ दगडानं बांधून काढला, वर फरसबंदी आणि सायकल ट्रॅक केला की विषय संपला. मग पाणी कितीही स्वच्छ करा (ते करतील तेव्हा करतील, आधी जलपर्णी तरी काढा).

"तिकडे बसून शिकवू नकोस" हे येणारच. बरोबर आहे, ट्रॅफिक, पूर, वास, सगळं तुम्ही सोसताय, आणि नदीकडे बघावंसं वाटावं ही इच्छा काही पाप नाही. विरोध करणारेही झाडांच्या आकड्यात आणि कोर्टाच्या तारखांत अडकलेत, पाण्याखाली काय आहे ते कोणी बोलत नाही. माझं म्हणणं फक्त पैशाचं आहे. पर्थचं मॉडेल महापालिकेला परवडणार नाही, चाळीस वर्षं पंप, कुंपण आणि झू चालवायला बजेटमधे हेड कुठून आणणार, दोन वर्षांत कमिशनर बदलला की पंप बंद. मातीचा काठ आहे तसा ठेवायला मात्र टेंडर लागत नाही. शहराच्या वर आणि खाली जिथं अजून उतरती माती आणि वाळूचे पट्टे शिल्लक आहेत तेवढे टप्पे प्लॅनमधून वगळा, आणि काम पुढं सरकायच्या आधी अंड्यांच्या सीझनमधे मासेमाऱ्यांना बरोबर घेऊन एकदा काठ नीट तपासून घ्या, त्यांना कासवं कुठं येतात ते कुठल्याही कन्सल्टंटपेक्षा जास्त माहीत असतं. बाकीच्या टप्प्यात करा तुमचा सायकल ट्रॅक, मी आलो की चालवीन.