तुम्ही पहिल्यापासूनच लेस्टरचे

मे २०१६ मध्ये इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकलेल्या लेस्टर सिटी या फुटबॉल क्लबचे आपण जुने चाहते, असं भासवायचंय? आधी उच्चार सुधारा. स्पेलिंग वाचून 'लायसेस्टर' म्हणालात, तर जळगावच्या चहाच्या टपरीवरचं शेंबडं पोरही ओळखेल की तुम्ही मे २०१६ नंतरचे. म्हणायचं 'लेस्टर'. कुणी विचारलंच, "हाई लेस्टर कोठे शे रे भो?", तर नकाशा काढू नका. नुसतं हसा. जाणकार असाच हसतो. (मलाही ते नेमकं कुठे आहे हे परवा कळलं.)

मग दुःख पाठ करा. २०१४ च्या नाताळात हा संघ प्रीमियर लीगच्या तळाला होता, हे आवंढा गिळून सांगायचं. त्या थंडीत आपण शेतात भरीत पार्ट्या झोडत होतो, हे गाळायचं. शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून ते खालच्या श्रेणीत घसरण्यापासून वाचले. पुढच्या हंगामाआधी सट्टेवाल्यांनी विजेतेपदाला ५००० ला १ असा भाव लावला. इथे लगेच म्हणा, "मला वाटलंच होतं." रावेरच्या केळीला यंदा भाव मिळेल, यावरसुद्धा तुम्ही कधी पाच रुपये लावले नाहीत, ते कोण विचारतंय!

डावपेच समजावायचे ते ढाब्यावर, शेवभाजी यायच्या आत. संघातले तीन खेळाडू मांडायचे: मीठदाणी म्हणजे कान्टे, कांदा म्हणजे महरेझ, हिरवी मिरची म्हणजे वार्डी. चेंडू आपल्याकडे फार ठेवायचाच नाही. समोरच्याला खेळू द्यायचं, मीठदाणीने हिसकावायचं, मिरचीने पळत सुटायचं. मिरची सलग ११ सामन्यांत गोल करते, हे सांगताना ती अर्धी खाऊन टाका. ठसका लागून डोळ्यांत पाणी येतं आणि लोकांना वाटतं, काय जीव आहे बघा याचा त्या क्लबवर. वार्डी पूर्वी मोडक्या हातापायांना आधार देणाऱ्या पट्ट्यांच्या कारखान्यात कामाला होता, हे तेव्हाच घुसवा. पाणी वाया जायला नको.

प्रशिक्षक रानिएरींनी पोरांना सांगितलं होतं, एकही गोल न खाता सामना काढा, पिझ्झा खाऊ घालतो. हे आपल्या कंपनीच्या साहेबाला ऐकवू नका, तो दिवाळीला बोनसऐवजी पिझ्झाच देईल.

आता मुख्य प्रश्न: विजेतेपद पक्कं झालं, त्या रात्री तुम्ही कुठे होतात? खरं तर त्या रात्री लेस्टरचा सामनाच नव्हता. पाठलागावर असलेलं टॉटनहॅम चेल्सीविरुद्ध दोन गोलांनी पुढे होतं, चेल्सीने २-२ केलं आणि विजेतेपद घरबसल्या चालत आलं. इंग्लंडमध्ये २ मेची रात्र, आपल्याकडे तीन तारखेचे पहाटेचे अडीच. तुम्ही सांगायचं: गच्चीवर होतो, अंगाखाली ओली चादर, छातीवर मोबाईल, चेल्सीच्या हॅझार्डने बरोबरीचा गोल मारताना चित्र अडकलं आणि चक्र फिरत राहिलं. ऐकणारा गहिवरतो. मी हेच सांगतो. गच्चीवर होतो, चादरही ओली होती, फक्त मी झोपलो होतो. दोन दिवसांनी सकाळी पोह्यांबरोबर आलेल्या पेपराच्या तुकड्यावर निम्मी बातमी वाचली. उरलेली तर्रीत गेली होती.

आकडे मात्र चुकवू नका: ८१ गुण, दुसऱ्या क्रमांकाच्या आर्सेनलपेक्षा दहा जास्त, अख्ख्या हंगामात तीनच पराभव. त्यांतले दोन आर्सेनलकडूनच, म्हणून आर्सेनलवाल्यासमोर फक्त गुण सांगायचे.

पुढचं आटोपतं घ्या. नऊ-दहा महिन्यांत रानिएरींना काढलं, तो विषय वादळात आडव्या झालेल्या केळीच्या बागेसारखा, कुणी काढला की मान खाली घालायची. २०२३ मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला, तेव्हा फुले मार्केटातून घेतलेला निळा टी-शर्ट गाडी पुसायला द्या. पण फाडू नका. २०२४ मध्ये ते परत वर आले होते आणि माझा फाटलेला होता.

एक धोका राहतो. गल्लीत एखादा पोरगा निघतोच, जो खरोखर २०१४ पासून पाहत असतो. तो विचारेल, तेव्हा गोलकीपर कोण होता? त्याला ढाब्यावर घेऊन जा आणि झणझणीत शेवभाजी मागवा. तोंड पोळलेला माणूस दुसरा प्रश्न विचारत नाही.