हॅमिल्टनने थांबावं का, हे ठरवणारे आपण कोण?

अबूधाबीत 2025चा फॉर्म्युला वन हंगाम संपला आणि आमच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर तासाभरात निकालही लागला: त्याच वर्षी फेरारी टीममध्ये गेलेल्या लुईस हॅमिल्टनने आता मानाने बाजूला व्हावं. 'फेरारीत जाऊन होती नव्हती ती इज्जत घालवली' असं एकाने लिहिलं, त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. गंमत अशी की हीच मंडळी धोनीबद्दल अवाक्षर ऐकून घेत नाहीत. 2025च्या आयपीएलमध्ये चेन्नई तळाला गेली, धोनी 43 वर्षांचा होता, पण तिथे 'तो मैदानात दिसतोय हेच आपलं भाग्य'. आपल्याकडे निवृत्तीच्या वयाचा नियम आवडीनिवडीप्रमाणे बदलतो.

मी राहतो तो इंग्लंडचा भाग शर्यतींवर जगणारा आहे. रेड बुल टीमचं मुख्यालय मिल्टन कीन्समध्ये, मर्सिडीजचं ब्रॅकलीत, अॅस्टन मार्टिनचा कारखाना तर सिल्व्हरस्टोन ट्रॅकच्या अगदी दारात. त्यामुळे ऑफिसात हा विषय सोमवारी सकाळी निघतोच, पण वेगळ्या अंगाने. घरचे विचारतात, 'अजून किती दिवस?' इथले विचारतात, 'लेक्लेरच्या किती मागे?' लेक्लेर हा हॅमिल्टनचा फेरारीतला टीममेट. मला हा दुसरा प्रश्न जास्त प्रामाणिक वाटतो. शर्यतीतल्या दोन ड्रायव्हरांची तुलना करायची तर सारखी गाडी फक्त टीममेटकडे असते. बाकी ड्रायव्हरांशी तुलना म्हणजे निम्मी गाड्यांचीच तुलना.

आणि त्या प्रश्नाचं उत्तर हॅमिल्टनच्या बाजूने नाही, हे आधी मान्य करू. 2025मध्ये चार्ल्स लेक्लेरचे गुण 242, हॅमिल्टनचे 156. चीनमधली छोटी स्प्रिंट शर्यत त्याने जिंकली, पण मुख्य शर्यतीत वर्षभर एकदाही पहिल्या तिघांत नाही. 2007पासूनच्या कारकिर्दीत असं कधीच झालं नव्हतं. लास वेगासच्या पात्रता फेरीत तर तो शेवटचा आला. हंगेरीत लेक्लेरने पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, घेतली आणि हा बारावा. तेव्हा कॅमेऱ्यासमोर तो स्वतःच म्हणाला की मी अगदी निकामी ठरलोय, टीमचा काही दोष नाही, बहुधा ड्रायव्हरच बदलायला हवा. सात वेळचा जगज्जेता, 105 विजय नावावर असलेला माणूस असं बोलतो तेव्हा त्याला सल्ला द्यायला आपली गरज उरत नाही.

मग थांबावं का? आपल्याकडे अशा वेळी विजय मर्चंट यांच्या नावावर सांगितलं जाणारं वाक्य हमखास पुढे येतं: लोक 'का?' विचारतात तेव्हा थांबावं, 'का नाही?' विचारेपर्यंत वाट पाहू नये. स्वतः मर्चंट 1951मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध 154 धावा काढून कसोटीतून गेले, त्यामुळे त्यांना हे शोभतं. पण हा नियम हॅमिल्टनला लावून बघा. लोक 'का?' विचारतील अशी त्याची वेळ 2021च्या शेवटी होती. तो तेव्हा गेला असता तर 2024ची सिल्व्हरस्टोन झालीच नसती. 945 दिवसांच्या दुष्काळानंतर तो घरच्या ट्रॅकवर नवव्यांदा जिंकला, त्या दिवशी मी गर्दीत होतो. पावसात भिजलेली ती माणसं रडत होती. मर्चंटांचा नियम चारित्र्य जपतो, शर्यती मात्र गमावतो. फलंदाजाची बॅट दरवर्षी बदलून त्याला दुसऱ्याच खेळात नेऊन सोडत नाहीत. ड्रायव्हरच्या बाबतीत नेमकं तेच होतं.

2022मध्ये जमिनीला चिकटून धावणाऱ्या, तळातून हवेचा दाब ओढणाऱ्या गाड्या आल्या आणि हॅमिल्टनचं त्यांच्याशी कधी जमलंच नाही. उशिरा, जोरात ब्रेक दाबत वळणात शिरायची त्याची पद्धत त्या गाड्यांना मानवली नाही. 2026पासून नियम पुन्हा पालटतायत: गाड्या लहान आणि हलक्या, पंख हलते, जवळपास निम्मी ताकद विजेची. फेरारीने तर 2025च्या गाडीवरचं हवेच्या प्रवाहाचं काम एप्रिलअखेरीसच थांबवून सगळी माणसं नव्या गाडीवर लावली होती. म्हणजे टीमनेच जे वर्ष अर्ध्यावर सोडून दिलं, त्या वर्षाच्या हिशोबावर ड्रायव्हरला घरी पाठवा असं आपण म्हणतोय.

वयाचा मुद्दा मी टाळत नाही. 7 जानेवारी 2026ला त्याची 41 वर्षं पूर्ण होतात. वय वाढलं की आधी जाते ती एका लॅपची धार, शनिवारच्या पात्रता फेरीतला सेकंदाचा तो शेवटचा दशांश. रविवारच्या मुख्य शर्यतीतलं शहाणपण बराच काळ टिकतं. शरीर थकतं म्हणावं तर 2023ची कतारची शर्यत आठवा. त्या उकाड्यात 22 वर्षांच्या सार्जंटला गाडी सोडावी लागली, ओकॉनला हेल्मेटमध्येच उलटी झाली, स्ट्रोलला वेगवान वळणांवर शुद्ध हरपल्यासारखं होत होतं. सीट भाजतेय, पाणी ओता म्हणून रेडिओवर सांगणारा 42 वर्षांचा फर्नांडो अलोन्सो सहावा आला.

आता इथल्या समाजाकडून मी जे शिकलो ते सांगतो, आणि ते क्रिकेटमधलंच आहे. 2024च्या एप्रिलमध्ये इंग्लंडच्या संघव्यवस्थापनाने जेम्स अँडरसनला मँचेस्टरमध्ये बोलावलं आणि समोर बसून सांगितलं की पुढच्या अॅशेसच्या आखणीत तू नाहीस. जुलैत लॉर्ड्सवर त्याची शेवटची कसोटी झाली, 704 बळींवर गाडी थांबली. मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं, पण 'अन्याय झाला' म्हणत कुणी रस्त्यावर आलं नाही. निर्णय चूक की बरोबर यावर वर्तमानपत्रांत भरपूर भांडणं झाली. तरी निर्णय कुणी घेतला, कधी घेतला, हे लपलं नाही.

आपल्याकडे आठवा. मार्च 2011मध्ये नागपूरला सचिनचं नव्व्याण्णवावं शतक झालं आणि शंभरावं मीरपूरला यायला मार्च 2012 उजाडलं. त्या वर्षभरात देशातला प्रत्येक चहावाला निवड समितीवर होता, फक्त निवड समितीच बोलत नव्हती. ज्यांचं काम होतं ते गप्प, ज्यांचं नव्हतं ते घसा कोरडा करून बोलणारे. सचिनच्या वाट्याला त्यातून देव्हारा आणि शिव्या दोन्ही आल्या, साधं उत्तर कुठूनच आलं नाही. हे मी दुरून बघितलं म्हणून जास्त खुपलं असेल. तेव्हा इथले गोरे मित्र विचारायचे, 'तुमचं बोर्ड काय म्हणतंय?' आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं.

मात्र अँडरसनचं उदाहरण फॉर्म्युला वनला जसंच्या तसं लागू करता येत नाही. देशाच्या संघातली जागा देशाची असते. तिथे 'तरुणाची वाट अडवलीस' असं म्हणण्याचा हक्क लोकांना आहे. फेरारीची सीट हा एका कंपनीने एका माणसाशी केलेला करार आहे. डोळे उघडे ठेवून, त्याच्या नावाची किंमत मोजून केलेला. तो करार पुरा करणं म्हणजे खुर्चीला चिकटून बसणं नव्हे.

वाट अडते हे खोटं नाही. ऑलिव्हर बेअरमनने 2024मध्ये सौदीतल्या जेद्दाला, फेरारीचा तेव्हाचा ड्रायव्हर साइन्झ आजारी पडल्याने त्याच्या जागी, अठराव्या वर्षी फेरारी चालवून सातवा क्रमांक आणला. आज तो हास टीममध्ये आहे आणि 2025मध्ये मेक्सिकोत चौथा आला. हॅमिल्टन गेला तर मला त्याच सीटवर बेअरमन बघायला आवडेल. पण रांग खरी कुठे तुंबलीय ते बघा. फेलिपे ड्रुगोविच 2022चा फॉर्म्युला टू, म्हणजे फॉर्म्युला वनच्या एक पायरी खालच्या स्पर्धेचा, विजेता. विजेत्याला पुन्हा त्या स्पर्धेत उतरता येत नाही, म्हणून तो अॅस्टन मार्टिनचा राखीव ड्रायव्हर होऊन वाट बघत राहिला आणि शेवटी विजेच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ईला निघून गेला. त्या टीममध्ये लोक बोट दाखवतात अलोन्सोकडे. 2024मध्ये अलोन्सोचे 70 गुण होते, टीममेट लान्स स्ट्रोलचे 24, आणि स्ट्रोलचे वडील टीमचे मालक. म्हाताऱ्यांनी हटावं म्हणणाऱ्यांना ही सीट का दिसत नाही? आपल्यातले काही जण 'हे हटले की आपल्या पोरांना संधी' असंही म्हणतात. कार्तिकेयन आणि चंढोक हे भारतीय ड्रायव्हर जिथपर्यंत पोचले तिथपर्यंत पोचायला काय लागतं हे ज्यांनी पाहिलंय ते असं म्हणणार नाहीत. पैसा, कार्टिंगचे ट्रॅक आणि दहाव्या-अकराव्या वर्षी युरोप गाठायची ऐपत, यातलं काहीच हॅमिल्टनने अडवलेलं नाही.

एक गोष्ट इथे राहून जास्त दिसते. हॅमिल्टनवर ब्रिटनचं प्रेम आहे, पण ते कायम थोडं अटींवर. त्याचे आजोबा ग्रेनाडाहून आले, वडिलांनी मुलाच्या कार्टिंगसाठी एकाच वेळी दोन-तीन नोकऱ्या केल्या. जिंकला की 'आमचा सर लुईस', हरला की मोनाकोतलं घर, कपडे, त्याची मतं, सगळं चर्चेला येतं. परदेशात आयुष्य काढणाऱ्याला ही भाषा चटकन ओळखू येते. त्याच्या निवृत्तीच्या चर्चेत त्यातलं थोडं मिसळलेलं असतं, निदान मला तरी तसं ऐकू येतं.

सावधगिरीचं उदाहरणही त्याच्या अगदी जवळचं आहे. मायकेल शूमाकर 2010मध्ये मर्सिडीजकडून परतला, तिन्ही वर्षं गुणांत निको रॉसबर्गच्या मागे राहिला, हाती लागलं एक पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांतली जागा, 2012मध्ये व्हॅलेन्सियात. मग टीमने त्याच्या जागी नवा ड्रायव्हर जाहीर केला. तो नवा ड्रायव्हर म्हणजे हॅमिल्टन.

म्हणून माझी तक्रार फेरारीबद्दल आहे. ब्राझीलमध्ये दोन्ही गाड्या शर्यत पुरी करू शकल्या नाहीत, त्यावर अध्यक्ष जॉन एल्कान जाहीरपणे म्हणाले की ड्रायव्हरांनी गाडी चालवण्यावर लक्ष द्यावं आणि कमी बोलावं. हे आपल्या बोर्डाला शोभलं असतं. अँडरसनला मिळाली तशी एक बैठक हॅमिल्टनला द्या: दार बंद, टेबलावर दोघांच्या लॅपचे आकडे, आणि कोणत्या तारखेपर्यंत काय दिसलं पाहिजे ते स्पष्ट.

नव्या हंगामाची सुरुवात 8 मार्च 2026ला मेलबर्नमध्ये. पहिल्या सहा-सात शनिवारी लेक्लेरशी असलेलं अंतर दशांशाच्या आत आलं तर ग्रुपवरच्या ठरावाला मी उत्तर देणार नाही. नव्या गाडीतही ते तसंच राहिलं, तर उन्हाळी सुट्टीत त्याने स्वतःच बेअरमनसाठी दार उघडावं असं मीही म्हणेन.