एकट्या कॅप्टनला दोष देऊन कसं चालेल?

स्पेनच्या तेनेरिफ बेटावर केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांची दोन विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, त्या अपघातावरचा तुमचा लेख वाचला. '५८३ माणसं एका वैमानिकाच्या घाईनं गेली' हे काही पटलं नाही. केएलएमच्या कॅप्टननं परवानगीविना विमान दामटलं, हे खरंच. पण २७ मार्च १९७७ ला दुसऱ्या विमानतळावर बॉम्ब फुटला म्हणून तिकडची विमानं तेनेरिफच्या या छोट्या विमानतळावर आली, त्यात दाट धुकं. पॅन ॲमनं 'आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत' असं सांगितलं, त्याच क्षणी विमानतळाचा नियंत्रण टॉवरही बोलत होता. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये शिट्टीसारखा आवाज ऐकू गेला.

तरी फ्लाइट इंजिनिअरनं विचारलंच, ते विमान बाजूला झालं नाही का? कॅप्टननं उडवून लावलं. त्यानंतर इंजिनिअर गप्प बसला! माझे वडील सोलापूर डिव्हिजनला रेल्वे ड्रायव्हर. दौंडकडे जाताना प्रत्येक सिग्नल सहायकानं मोठ्यानं सांगायचा, वडिलांनी तो परत म्हणायचा. साहेब कितीही सीनियर असो.

लेखकानं हे सगळं दोन ओळींत गुंडाळलं. आता सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून आपणही विमानात बसतोय, म्हणून विचारतो: या अपघातानंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणात काय बदललं, त्यावर पुढचा लेख येईल का?